कोपरापासून करंगळीपर्यंत

नवी मुंबईतल्या उलव्यात कोणी ‘कोपर’ म्हणालं की ऐकणाऱ्याला आधी गाव आठवतं, नाहीतर खारकोपर स्टेशन. हाताचं कोपर आठवतं ते स्कूटर घसरल्यावर. बांधकामाची सांडलेली खडी, डंपरने टाकलेली माती, वरून पावसाची एक सर. दुचाकी आडवी व्हायला एवढं पुरतं. मग एक्स-रे निघतो आणि हातात पडणाऱ्या कागदावर घरात कोणीच न ऐकलेला एक शब्द असतो. ‘डाव्या अल्नाच्या ओलेक्रेनॉनला फ्रॅक्चर.’ घरच्यांचा प्रश्न ठरलेला: “म्हणजे हात मोडला की कोपर?” डॉक्टर “दोन्ही” म्हणाले तरी ते खोटं नसतं. आपण ज्याला कोपर म्हणतो तो टोकदार उंचवटा म्हणजे अल्ना या हाडाचंच वरचं टोक. त्या टोकाचं नाव ओलेक्रेनॉन.

कोपर ते मनगट या भागात दोन हाडं शेजारी शेजारी असतात. अंगठ्याच्या बाजूचं रेडियस, करंगळीच्या बाजूची अल्ना. अल्ना शोधायला पुस्तक लागत नाही. उजव्या हाताचं बोट डाव्या कोपराच्या टोकावर ठेवा आणि करंगळीच्या दिशेने खाली सरकवत न्या. कातडीखाली एक सलग कडा लागते आणि ती थेट मनगटापर्यंत तुटत नाही. वर मांसाचा थर जवळपास नाहीच. शरीरातली फार थोडी लांब हाडं अशी टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाचपता येतात. या हाडाच्या वाट्याला पुढे जे जे आलं, मापाचा मान म्हणा किंवा लाठीचा मार म्हणा, ते बरंचसं या उघडेपणामुळेच.

या दोन हाडांचा स्वभाव वेगळा आहे. अल्ना कोपराशी जाड आणि मनगटाशी बारीक; रेडियसचं नेमकं उलटं. अल्नाच्या वरच्या टोकाला एक खोल खाच असते. नटावर पाना बसावा तशी ती दंडाच्या हाडावर बसते. त्यामुळे कोपर दुमडतं आणि सरळ होतं, पण आडवंतिडवं हलत नाही. मनगटाकडे मात्र अल्ना मनगटाच्या छोट्या हाडांना थेट टेकतही नाही. मध्ये कूर्चेची चकती असते. तळहाताचा भार पेलायचं काम मुख्यतः रेडियसचं.

आता कोपर टेबलावर टेकवा, तळहात छताकडे करा आणि सावकाश पालथा घाला. फिरतं ते रेडियस. ते अल्नावरून तिरकं ओलांडून जातं आणि पंजाला सोबत घेऊन जातं. अल्ना जवळजवळ जागची हलत नाही. कुलपात किल्ली फिरवणं, पोळी उलटणं, वाढप्याने पळी कलती करणं, ही सगळी कामं या एका स्थिर खांबाभोवती चालतात.

इथेच नावांचा घोळ सुरू होतो. आयुर्वेद महाविद्यालयांतल्या शरीररचनेच्या अभ्यासात अल्नाला अंतःप्रकोष्ठास्थी म्हणतात आणि रेडियसला बहिःप्रकोष्ठास्थी. प्रकोष्ठ म्हणजे कोपर ते मनगट हा भाग. त्यातलं आतलं हाड आणि बाहेरचं हाड. कागदावर हे स्वच्छ दिसतं. पण कीबोर्डवर हात ठेवून बसलेल्या माणसाला विचारा: मनगटाशी अल्ना आत आहे की बाहेर? तिथे ती चक्क बाहेरच्या बाजूला असते. शरीरशास्त्राने यावर एक तोडगा काढून ठेवला आहे. माणूस सरळ उभा, हात बाजूला सोडलेले, तळहात पुढे, हीच मूळ स्थिती मानायची आणि आतलं-बाहेरचं सगळं तिच्यावरून ठरवायचं. मग तो माणूस प्रत्यक्षात झोपलेला असो, पालथा असो किंवा लोकलच्या दांडीला लोंबकळत असो.

हातासाठी हाही तोडगा पुरत नाही, म्हणून शल्यचिकित्सक आत-बाहेर म्हणणंच टाळतात. ते ‘अल्नर बाजू’ आणि ‘रेडियल बाजू’ म्हणतात. अल्नर बाजू म्हणजे करंगळीची बाजू. हात उताणा असो की पालथा, करंगळी कुठे जात नाही. अल्नर नस, अल्नर धमनी, मनगटाचा अल्नर झुकाव ही सगळी नावं या एका हाडाच्या आधाराने लागलेली आहेत. परिभाषेचा खरा उपयोग मला इथे दिसतो. हाडाला नाव मिळालं ते हाडासाठी, पण कामी येतं ते दिशा सांगायला.

आणखी एक गंमत. मनगटाच्या वर, करंगळीच्या बाजूला, घड्याळाच्या पट्ट्याशेजारी जो गोल उंचवटा दिसतो ते अल्नाचं डोकं. होय, अल्नाचं डोकं खाली मनगटाशी असतं आणि रेडियसचं वर कोपराशी. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला तोंडी परीक्षेत या उलट्या डोक्यांवर दरवर्षी मुलं घसरतात आणि परीक्षकांना तो प्रश्न विचारण्याचा मोह आवरत नाही.

अल्ना हा लॅटिन शब्द. अर्थ कोपर किंवा कोपरापुढचा हात. ग्रीकमध्ये त्याचा भाऊबंद ओलेने, आणि ओलेक्रेनॉन म्हणजे त्या ओलेनेचं डोकं. इंग्रजी एल्बोचा पहिला अर्धा भागही त्याच कुळातला. आणि संस्कृतातला सख्खा नातेवाईक म्हणजे अरत्नि. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्यांचं मूळ एकच मानतात. चरकसंहितेत हाडांची मोजणी आहे. एकूण ३६०, कारण त्यात ३२ दात, दातांची ३२ उखळं आणि २० नखंही धरली आहेत. सुश्रुताने आकडा ३०० वर आणला. आजचा हिशेब प्रौढ माणसात २०६. चरक आपल्या यादीत अरत्नींची हाडं देतो चार, म्हणजे प्रत्येक हातात दोन. एकूण आकड्यावर वाद घाला हवा तर, पण इथे मोजणी चोख आहे.

अरत्नि हे मापही होतं, आणि त्याची अमरकोशातली व्याख्या मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. मूठ पूर्ण मिटून कोपरापासून मोजलं तर ती रत्नि. मूठ मिटलेली पण करंगळी सरळ सोडलेली, आणि कोपरापासून त्या करंगळीच्या टोकापर्यंत मोजलं तर ती अरत्नि. हे माप हातावर काढून पाहा. ते नेमकं अल्नाच्या कडेवरून चालत जातं. मोजणाऱ्याला मधलं बोट जास्त सोयीचं आणि जास्त लांब. तरी व्याख्या करंगळीकडे वळली.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अरत्नि २४ अंगुळांची आणि चार अरत्नींचा एक दंड. पण त्याच अध्यायात किल्ले आणि राजवाड्यांच्या कामासाठी सुतारांचं ४२ अंगुळांचं वेगळं माप आहे, जंगलातल्या मालासाठी ५४ अंगुळांचा वेगळा हात आहे. सरकारचा हात कामाप्रमाणे लांब होतो, हे तेव्हापासूनचं.

इंग्लंडात याच अल्नाने कापड मोजलं. १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या सनदेत, जिचं नाव आपण राजाच्या अधिकारावरच्या मर्यादांसाठी घेतो, एक कलम निव्वळ मापांचं आहे. रंगीत कापडाचा पन्हा काठ सोडून दोन अल्ना असावा असं त्यात लॅटिनमध्ये लिहून ठेवलं आहे. सरदारांनी राजाला नमवलं आणि त्याच कागदावर कापडवाल्यांनाही वळण लावलं.

आपल्याकडे ‘हात’ हे माप शेतापासून विहिरीपर्यंत चाललं. शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी केलेल्या जमीनमोजणीत पाच हात पाच मुठींची काठी धरली होती. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. आजचा अठरा इंची हात आणि तीन इंची मूठ धरली तर ती काठी पावणेनऊ फुटांची होते. कोणाचा हात धरायचा, हा भांडणाचा प्रश्न होता, आणि म्हणूनच हाताची काठी झाली: मोजणारा बदलला तरी काठी तीच राहते. दर्यावर कोळ्यांनी पाण्याची खोली वावेने मोजली. दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी म्हणजे वाव. तामिळ फुलवाल्या आजही माळ मुळम्‌ने विकतात, कोपर ते बोटांचं टोक. त्यांच्याकडून गजरा घेताना उंच बाईच्या टोपलीशी जावं, एवढाच काय तो शहाणपणा.

ज्या उलव्यात टेकडी कापून आणि नदीचं पात्र वळवून विमानतळ झाला, तिथल्या जमिनीची मोजमापं आता गुंठ्यात, चौरस मीटरमध्ये आणि भूसंपादनाच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांत बोलली जातात. विमानतळाची धावपट्टी ३,७०० मीटरची. अठरा इंची हाताने मोजली तर आठ हजार हातांच्या थोडी वर.

माप बाजूला ठेवून पुन्हा शरीराकडे वळू. कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत जी वीज जाते, ती हाडातून जात नाही. कोपराच्या आतल्या बाजूला, अल्नाच्या टोकाशेजारच्या खोबणीत, अल्नर नस अगदी कातडीखालून जाते. आपटते ती ही नस, आणि झिणझिण्या येतात त्या तिच्या मुलखात: करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू. मोबाइल कानाला लावून तासन्‌तास कोपर दुमडून ठेवणाऱ्यांना, किंवा गाडीच्या खिडकीवर कोपर टेकवून चालवणाऱ्यांना, याच दोन बोटांत मुंग्या येतात. मुंग्या चार दिवस राहिल्या, किंवा पकड सैल झाली, तर ते अंगावर काढू नये.

या नसेची एक गंभीर बाजू रायगड जिल्ह्याला जवळची आहे. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेबरोबर नसांवर हल्ला करतात, आणि हातात सर्वांत जास्त सापडते ती अल्नर नस, तीही बहुधा कोपराच्या किंचित वर. ती सुजून दोरीसारखी जाड होते. आरोग्य कर्मचारी तपासणीत रुग्णाचं कोपर दुमडून त्या खोबणीत बोटं फिरवतो आणि दोन्ही बाजूंची तुलना करतो, ती याच जाडीसाठी. उपचार लांबला की करंगळी आणि अनामिका आत वळतात, संवेदना जाते, आणि चहाचा चटका कळेनासा होतो. उलवे ज्या पनवेल तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन आहे. औषधं आज मोफत मिळतात आणि रोग पूर्ण बरा होतो. पण एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. त्यांच्यासाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चांगले स्नायूबंध दुसरीकडे वळवून बोटं कामाला लावण्याच्या शस्त्रक्रिया विकसित केल्या. पुण्याच्या कोंढव्यात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांवर अशा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया केल्या. पुढे जे. जे. रुग्णालयातला प्लास्टिक सर्जरीचा विभाग त्यांनी उभा केला आणि नंतर रायगडातल्याच मांडव्याला गावपातळीवरच्या आरोग्याचा प्रयोग केला.

आता मोडण्याविषयी. पडताना माणूस पंजा टेकतो, तेव्हा भार रेडियसवर येतो आणि मनगटाशी बहुतेकदा रेडियस मोडतं. कोपरावर आपटला तर ओलेक्रेनॉन. तिथे दंडाच्या मागचा स्नायू जोडलेला असतो. तुकडा सुटला की तो स्नायू त्याला वर ओढून नेतो आणि हात स्वतःच्या जोरावर सरळ करता येत नाही. म्हणून असा तुकडा सहसा नुसत्या प्लास्टरवर सोडत नाहीत. दोन बारीक तारा हाडातून घालून आठाच्या आकड्यासारखा तारेचा फास आवळतात, किंवा धातूची पट्टी बसवतात. आणि डोक्यावर येणारा वार अडवायला हात आपोआप वर जातो तेव्हा समोर येते ती अल्नाची उघडी कडा. फक्त अल्नाच मधोमध मोडण्याला इंग्रजीत पोलिसांच्या लाठीवरून नाव पडलं आहे, नाइटस्टिक फ्रॅक्चर. मारहाणीच्या प्रकरणांत डॉक्टर या खुणेकडे बारकाईने पाहतात: ती बचावाची जखम असते. घरात मार खाणाऱ्या बाईने “जिन्यात पडले” म्हटलं आणि एक्स-रेत एकटी अल्ना मधोमध मोडलेली दिसली, तर जाणत्या डॉक्टरने तिला एकटीला बाजूला घेऊन पुन्हा विचारावं.

अल्ना एकटी मोडलेली दिसली की आणखी एक गोष्ट बघावी लागते. मिलानचे जिओव्हानी बातिस्ता मोंतेज्जिया यांनी १८१४ मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात अल्ना वरच्या भागात मोडते आणि त्याच वेळी रेडियसचं डोकं कोपरातून निखळतं. लहान मुलांत हे निखळणं अनेकदा नजरेतून सुटतं, कारण एक्स-रे फक्त दुखऱ्या जागेचा काढलेला असतो. दोन हाडं दोन्ही टोकांना एकमेकांशी बांधलेली असल्याने एक जागी मोडलं तर दुसरीकडे काहीतरी सुटलेलं असू शकतं. म्हणून एक्स-रेमध्ये कोपर आणि मनगट दोन्ही दिसायला हवीत. फॉर्मवर तसं लिहिलेलं नसेल तर पालकांनी विचारावं. त्यात डॉक्टरचा अपमान नाही.

हाडवैद्याकडे जाण्याची पद्धत आपल्याकडे गेलेली नाही, आणि त्यांच्यातले काही हात खरोखर कुशल असतात. पण बांबूच्या कामट्या लावून घट्ट आवळलेल्या पट्टीचा धोका कोपर ते मनगट या भागात फार मोठा आहे. आत सूज वाढत जाते, पट्टी सैल होत नाही, रक्त पोचत नाही आणि स्नायू मरतात. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये याचं वर्णन केलं. त्यानंतर बोटं पक्ष्याच्या पंजासारखी आखडून बसतात ती आयुष्यभराची. हे टाळायची खूण सोपी आहे: पट्टी किंवा प्लास्टर घातलेल्या मुलाची बोटं हलकेच सरळ करून पाहावीत. मूल कळवळलं, बोटं बधिर किंवा पांढरी पडली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी ताबडतोब दवाखान्यात जाऊन ते बंधन सोडवून घ्यायचं. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

मोजण्याचं काम अल्नाने सोडलं असं वाटत असेल, तर अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची उंची कशी काढतात ते बघा. औषधाचा डोस, आहार, वजनाचा निर्देशांक, सगळ्याला उंची लागते आणि माणूस उभा राहू शकत नाही. आहारतज्ज्ञ डावा हात छातीवर तिरका ठेवायला सांगतात, कोपराच्या टोकापासून मनगटावरच्या उंचवट्यापर्यंत टेप लावतात आणि तक्त्यात उंची पाहतात. पाठीला बाक आलेल्या आजींच्या बाबतीत हा आकडा उभं करून मोजलेल्या उंचीपेक्षा जास्त उपयोगी ठरतो, कारण मणके खचतात, अल्ना खचत नाही. मात्र असे प्रचलित तक्ते ब्रिटनमध्ये तयार झालेले आहेत. इथल्या माणसाला ते लावताना थोडा हात राखूनच लावावेत.

पुरातत्त्वातही हीच युक्ती चालते. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केलं, तिथे ताम्रपाषाणयुगातल्या प्रौढ माणसांची पावलं घोट्याखाली तोडून पुरल्याचं आढळलं. असा सांगाडा टाळूपासून टाचेपर्यंत मोजायला टाचच नसते. मग मांडीचं, पायाचं, दंडाचं, हाताचं, मिळेल ते लांब हाड धरून गणित करावं लागतं.

आणि वय. जन्मतः अल्नाचं मनगटाकडचं टोक कूर्चेचं असतं, एक्स-रेत दिसतच नाही. साधारण पाच-सहा वर्षांच्या सुमारास तिथे हाडाचा ठिपका उमटतो, वाढतो, आणि सतरा ते वीसच्या दरम्यान, मुलींमध्ये थोडं आधी, मुख्य हाडाला सांधला जातो. मधल्या टप्प्यांवरून वयाचा अंदाज बांधतात. नवी मुंबईच्या मैदानांवर पांढऱ्या कपड्यात सराव करणाऱ्या मुलांच्या पालकांना याचं एक रूप माहीत आहे. वय चोरण्याला आळा म्हणून क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालच्या मुलांची हाडांची चाचणी करतं. टीडब्ल्यू-थ्री या पद्धतीत डाव्या हाताच्या आणि मनगटाच्या एक्स-रेतली तेरा हाडं तपासून प्रत्येकाला गुण देतात: रेडियस, अल्ना आणि पंजातली अकरा छोटी हाडं. पद्धत चांगली आहे, पण ती मोजते हाडाची पक्वता. जन्मतारीख मोजत नाही. लवकर वयात आलेला मुलगा खरा दाखला खिशात असूनही बाद ठरू शकतो, आणि उशिरा वाढणारा एखादा वर्षभराने मोठा असूनही आत शिरू शकतो.

न्यायालयं याबाबत जास्त सावध आहेत. जयमाला खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने हाडांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते हे मान्य केलं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने तर क्रमच लावून दिला: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. एखादं मूल रेल्वे फलाटावर एकटं सापडतं, नाव सांगतं पण गाव सांगता येत नाही, दाखला कुठलाच नाही, तेव्हा त्याचं वय ठरवायला मनगटाचा एक्स-रे काढतात आणि डॉक्टर अल्नाचं टोक सांधलं गेलंय का ते पाहतात.